आधी हिशेब, मग डबा

अगं, गाडीची पूजा झाली, पेढे वाटून झाले, बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिकही एव्हाना पुसट झालं असेल. आता जरा माझ्यापाशी बस. परवा फोनवर तू म्हणालीस, "आक्का, घरात पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार पडलेत. त्यातच पेट्रोल भरून मागं टाकतो, मग लडाखला काय काळजी?" इतकी वर्षं पुण्यात राहूनही तू ‘टाकते’ न म्हणता ‘टाकतो’ म्हणालीस, ते ऐकून बरं वाटलं. पोर अजून कोल्हापूरचीच आहे. पण काय टाकणार ते ऐकलं आणि पोटात गोळा आला. तेव्हा शेजारी माणसं होती म्हणून गप्प बसले. आज बोलते.

आधी एक गोष्ट सांगते, जी मी घरात कुणाला सांगितलेली नाही. आम्ही लेहला गेलो होतो ते तुला आठवतंय ना? हान्लेची वेधशाळा बघायची, रात्री चांदण्यांनी गच्च भरलेलं आकाश बघायचं, असा बेत होता. अर्ध्या वाटेवरून परत आलो. सगळ्यांना मी सांगितलं, "उंची लागली." मामी तर अजून भेटली की ऐकवते, लसणाच्या पाकळ्या खिशात ठेवल्या असत्यास तर काही झालं नसतं म्हणून.

खरी गोष्ट अशी. गाडीत मागच्या सीटच्या पाठीशी मी प्लॅस्टिकचा एक कॅन ठेवला होता, पेट्रोलनं काठोकाठ भरलेला. लेह सोडून सिंधूच्या काठाकाठानं चुमाथांगपर्यंत पोचलो. काचा बंद, हीटर चालू. आधी धाकट्याचं डोकं दुखायला लागलं, मग त्याला उलटी झाली, मग माझं कपाळ ठणकायला लागलं. सुरुवातीला वास येत होता, नंतर येईनासा झाला. वास गेला नव्हता, नाक सरावलं होतं. उंचीवर डोकं दुखलं, मळमळलं की वर चढायचं नाही, खाली उतरायचं, हा नियम पाठ होता, म्हणून गाडी वळवली. ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. पण दुसऱ्या दिवशी लेहमध्ये सामान उपसलं तेव्हा कळलं. कॅन फुगून ढोलासारखा झाला होता. झाकणाखालून पेट्रोल पाझरून सतरंजी ओली झाली होती. आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याचे लाडू, सगळ्याला पेट्रोलचा वास. चटणी मी टाकून दिली आणि आईला सांगितलं, तिकडच्या लोकांना फार आवडली, देऊन आले.

तो त्रास उंचीचा होता की वाफेचा, हे कुणी डॉक्टरही आता सांगू शकणार नाही. डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं, दोन्हीची लक्षणं एकच. म्हणूनच ते भयंकर आहे. डोंगरात शरीर जी सूचना देतं ती तुला स्वच्छ ऐकू आली पाहिजे. गाडीत पेट्रोलची वाफ असली की ती सूचना कुठून येतेय तेच कळत नाही. आगीची गोष्ट तर पुढंच राहिली.

तर डबा कुठला, केवढा, कुठं बांधायचा हे सगळं नंतर. डबा लागतो तरी का, हे आधी कागदावर काढ.

आपल्या भागात तर मुळीच लागत नाही. आंबा घाट उतर, गगनबावड्यावरून वैभववाडीला जा, राधानगरी-फोंडा कर, आंबोलीला जा. टाकी अर्धी झाली की भरायची एवढी एक सवय ठेवलीस तर आयुष्यात कधी अडणार नाहीस. माझ्यासाठी अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी. ही सवय मला पुरानं लावली. 2019 चा ऑगस्ट आठव. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट, आणि पाणी गेलं 55 फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, बाहेरून टँकर येणं बंद, पंपांवर होतं तेवढं पेट्रोल-डिझेल मदतीच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेलं. आमच्या गाडीत काटा लाल रेषेवर. 2021 च्या जुलैत पुन्हा महामार्ग बंद पडला, तेव्हा मात्र टाकी भरलेली होती. लक्षात घे, टाकी भरलेली होती, न्हाणीघरात बाटल्या भरलेल्या नव्हत्या. पुराच्या बातम्या आल्या की लोक कोल्ड्रिंकच्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहतात आणि ते पेट्रोल देवघराशेजारच्या कोनाड्यात नेऊन ठेवतात. असलं काही करायचं नाही. पेट्रोलची सगळ्यात सुरक्षित जागा कंपनीनं गाडीला बसवून दिलेली टाकी, ती पावसाळ्यात भरलेली ठेव.

आता तुझा लडाखचा हिशेब. कोल्हापूर ते मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर, पण त्या सगळ्या वाटेवर पंपांना तोटा नाही. तिथवर भरलेला डबा नेणं म्हणजे उसाच्या फडातून उसाचा रस पाठीवर वाहून नेणं. खरा प्रश्न मनालीच्या पुढं सुरू होतो. अटल बोगदा ओलांडलास, चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात तिथं तांदीचा पंप आहे. त्याच्यापाशी ती प्रसिद्ध पाटी आहे, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. सगळे तिथं फोटो काढतात. तू फोटो काढ, पण आधी टाकी गळ्यापर्यंत भर.

तुझ्या थारची टाकी 57 लिटरची. घाटात, सामान भरून, पहिल्या-दुसऱ्या गियरवर गाडी लिटरला आठ किलोमीटर देते असं धरू. 365 भागिले आठ म्हणजे साडेपंचेचाळीस लिटर. टाकीत उरतात साडेअकरा. दरड कोसळली, रस्ता बंद झाला, मागं फिरावं लागलं, रात्री थंडीत काही वेळ इंजिन चालू ठेवावं लागलं, यासाठी मी नेहमी पंधरा लिटर वेगळे धरते. म्हणजे तुला कमी पडतात साडेतीन लिटर. त्यासाठी दहा लिटरचा एक डबा पुष्कळ झाला. चाळीस लिटर पेट्रोल मागं घेऊन फिरायचं काही कारण नाही. तुझ्या मैत्रिणीच्या जिम्नीची टाकी मात्र 40 लिटरची आहे. तिची गाडी लिटरला दहा देते असं धरलं तरी साडेछत्तीस लिटर लागतात, हाताशी उरतात जेमतेम साडेतीन. तिला पंधराच्या हिशेबानं साडेअकरा लिटर कमी पडतात, म्हणजे वीसचा डबा लागतोच. बघ, एकाच रस्त्यावर दोन गाड्यांचा हिशेब वेगळा. म्हणून कुणी सांगितलं "आम्ही दोन कॅन नेले होते" तर त्याला आधी विचार, गाडी कुठली आणि टाकी केवढी?

हान्लेला जायचं असेल तर गणित बदलतं. लेहपासून जायचं अंतर अडीचशेच्या वर, येऊन-जाऊन पाचशे तीस धर. आठच्या हिशेबानं सहासष्ट लिटर, वर पंधरा हाताशी, झाले एक्याऐंशी. टाकीतले 57 वजा जाता कमी पडतात चोवीस. म्हणजे वीसचा एक आणि दहाचा एक डबा. वाटेत पेट्रोल मिळालं तर देवाची कृपा, पण मिळेल असं धरून निघायचं नाही. आणि त्याच फेरीत उमलिंग लालाही जायचं म्हणशील, तर आणखी दीडशेच्या आसपास किलोमीटर वाढतात, कमी पडणारं पेट्रोल चाळीसच्या वर जातं. 5,798 मीटर उंचीवरचा तो रस्ता सगळ्यांना खुणावतो, मलाही खुणावतो. पण हिशेब जमत नसेल तर जागा सोडून द्यायची. डबे वाढवायचे नाहीत.

यातला आठचा आकडा माझा आहे, तुझा तू काढ. डॅशबोर्डवर ‘इतके किलोमीटर जाल’ असं दिसतं त्यावर विसंबू नकोस, ते मागच्या सपाट रस्त्यावरचा अंदाज सांगतं. एका रविवारी टाकी तोंडापर्यंत भर, लडाखला नेणार तेवढंच वजन गाडीत टाक, चौघी बसा, गगनबावड्याला जा, घाट उतरा, चढा, आणि परत येऊन त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भर. जितके लिटर बसले त्यानं किलोमीटरना भाग. तो तुझा घाटातला आकडा. त्यातूनही एक-दीड वजा कर, कारण तिकडचा चढ आपल्या घाटासारखा तासाभरात संपत नाही, आणि फोर-लो टाकून दगडधोंड्यांतून चालवलीस की पेट्रोल पाण्यासारखं जातं.

आता कायद्याचं सांगते, म्हणजे पंपावर कुणाशी हुज्जत घालायची वेळ यायची नाही. पेट्रोलियमचा कायदा 1934 चा आहे. विकण्यासाठी नसलेलं पेट्रोल 30 लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येतं. पण भांडं धातूचं, घट्ट बुचाचं, आणि एकेक भांडं 25 लिटरपेक्षा मोठं नको. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरचंच. मोटारमालकाला स्वतःच्या गाडीसाठी टाकीशिवाय 100 लिटरपर्यंत सवलत आहे, पण 30 च्या वर गेलं की ते माणसांच्या वस्तीपासून वेगळ्या इमारतीत ठेवावं असं कायदा म्हणतो. गाडी काही वेगळी इमारत नव्हे, गाडीत चौघी जणी बसलेल्या असणार. म्हणून आपली मर्यादा 30 लिटर, त्याच्या पुढं बोलायचं नाही. तुझे पाण्याचे जार इथंच बाद झाले. आणि कायद्यात बसत असलं तरी पंपावरचा माणूस सुट्ट्या डब्यात द्यायला नाही म्हणू शकतो. गडबडीच्या दिवसांत प्रशासनच सुटं पेट्रोल देऊ नका म्हणून आदेश काढतं. त्यानं नाही म्हटलं तर दुसरा पंप बघ किंवा बेत बदल. त्याच्यावर आवाज चढवू नकोस, त्याच्या पायाखाली हजारो लिटर पेट्रोल असतं.

डबा घ्यायचा तर पत्र्याचा जेरीकॅन घे. त्याची गोष्ट मला फार आवडते. 1937 च्या सुमाराला जर्मन सैन्यासाठी हा वीस लिटरचा डबा तयार झाला. ब्रिटिश सैन्याकडे तेव्हा पातळ पत्र्याचे डबे होते, आपल्याकडं रॉकेल, तेल यायचं तसलेच. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ते ठेचाळायचे, गळायचे, आणि पेट्रोलचा मोठा वाटा वाळूतच जायचा. शत्रूचा डबा हाती लागल्यावर इंग्रजांनी त्याचीच नक्कल केली. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, म्हणून नाव पडलं जेरीकॅन. त्याला वर तीन मुठी असतात. मधल्या मुठीनं एकटा माणूस उचलतो, बाजूच्या दोन मुठींनी दोघं मिळून उचलतात, आणि रिकामे असले की एका हातात दोन येतात. बाजूवर फुलीसारखी नक्षी दाबलेली असते ती शोभेची नव्हे. पेट्रोल तापून फुगलं की पत्र्याला तिथं फुगायला वाव मिळतो. मुठीखाली हवेची पोकळी राहील अशी त्याची घडण आहे. साध्या डब्यात इतकी अक्कल असते बघ. विकत घेताना झाकणाची रबरी चकती दाबून बघ, कडक झालेली, चिरलेली असेल तर बदलून घे. माझा घात त्या चकतीनंच केला. घरी आणल्यावर आत पाणी भरून डबा उलटा करून रात्रभर ठेव. सकाळी खालचा कागद कोरडा असेल तर पास. मग पाणी काढून उन्हात खडखडीत वाळव.

भरताना काठोकाठ भरायचं नाही. वीसच्या डब्यात एकोणीस. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला ही खिंड 5,300 मीटरच्या वर, तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्माच. चिप्सची पुडी तिकडं कशी फुग्यासारखी टम्म होते ते बघशीलच. डब्याचं तसंच होतं. म्हणून वर गेल्यावर झाकण एकदम उघडू नकोस. तोंड दुसरीकडं करून, हळूहळू, आधी हवा जाऊ दे.

आणि भरताना डबा गाडीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवायचा, हे पंपावर कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. गाडीच्या प्लॅस्टिकच्या मॅटवर, कार्पेटवर डबा ठेवून भरला की पेट्रोलच्या वाहण्यानं वीज साठते. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तीच वीज. जमिनीवर ठेवलेल्या डब्यातून ती जमिनीत निघून जाते. नळीचं तोंड डब्याच्या धातूला टेकलेलं राहू दे, आणि मध्येच गाडीत जाऊन बसू नकोस, सीटवर कपडे घासूनही अंगात वीज येते.

आपल्या आईच्या पिढीला रॉकेलची भीती होती. स्टोव्हचा भडका होऊन भाजलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. आपण गॅसवर वाढलो, म्हणून आपल्याला पेट्रोल नुसतं महाग वाटतं, भयंकर वाटत नाही. रॉकेल साधारण 35 अंशांच्या वर गेल्याशिवाय पेट घेईल इतकी वाफ सोडत नाही. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही सोडतं. म्हणजे बाहेर बर्फ आहे, थंडी आहे, आता काय पेटणार, असं म्हणायला जागाच नाही. ती वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती खाली बसते, पायांशी, सीटखाली, सपाट जागेत पसरत जाते, आणि लांबच्या ठिणगीनं पेटून उलटी डब्यापर्यंत येते. तुमच्या त्या डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढची उदबत्ती प्रवासात पूर्ण बंद. हात जोड, फूल वाहा, बाप्पा रागवायचा नाही. तंबूतला चहाचा स्टोव्ह डब्यापासून लांब, आणि तोही वाऱ्याची दिशा बघून.

बांधायचा कुठं? गाडीच्या आत तर नाहीच, कारण सांगून झालं. टपावर? वीस लिटर पेट्रोल पंधरा किलोच्या आसपास, वर डब्याचे चार-पाच किलो. दोन डबे टपावर म्हणजे डोक्यावर पस्तीस-चाळीस किलोची घागर. उंच गाडी वळणावर आधीच झुकते, त्यात हे वजन. एखादा दहाचा डबा तिथं चालेल, त्याहून जास्त नको. मागं, स्टेपनीच्या बाजूला, पक्क्या लोखंडी चौकटीत बसवतात ती जागा त्यातल्या त्यात बरी, पण मागून कुणी धडकलं तर पहिला मार डब्यालाच. शिवाय सायलेन्सर ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला बसव. पुढच्या बंपरवर कधीच नाही. चौकट उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडून होईल, आपल्या गावातल्या कारागिराच्या हाताला तोड नाही. पण वेल्डिंगच्या आधी दोन कामं कर. गाडीच्या बाहेरच्या मापात आणि रचनेत बदल होत असेल तर आरटीओत विचार, आणि विमा कंपनीला लेखी कळव. नंबर प्लेट, दिवे झाकले जाता कामा नयेत. चौकटीला कुलूप, आणि पट्टा रोज सकाळी हातानं ओढून बघायचा. खड्ड्यांनी सगळं सैल होतं. धातू धातूवर घासू नये म्हणून खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाल.

कोल्हापुरातून डबा रिकामा ने, नवा आणि कोरडा. मनालीत भरू नकोस. नऊ किलोमीटरच्या बंद बोगद्यातून भरलेला डबा कशाला न्यायचा? तांदीला भर, तो बोगद्याच्या पलीकडंच आहे. आणि भरला की शेवटपर्यंत जपून ठेवू नकोस. आपल्याला सवय असते, लोणच्याची चांगली बरणी पाहुण्यांसाठी म्हणून मागं ठेवायची आणि मग बुरशी येते. डब्याचं उलटं कर. टाकीत जागा झाली की, दुपारच्या पहिल्या सपाट मुक्कामाला, डबा टाकीत रिता कर. म्हणजे पेट्रोल आपल्या जागी गेलं आणि धोका दोन दिवसांचा होता तो चार तासांचा झाला. पण रिकामा झालेला डबा निर्धोक नसतो बरं. भरलेल्या डब्यात वाफेला जागा कमी असते. रित्या डब्यात आतल्या ओलाव्याची वाफ आणि हवा मिसळून पेट घ्यायला अगदी योग्य मिश्रण होतं. झाकण घट्ट, जागा तीच, बाहेरचीच.

ओततानाचा क्रम पाठ कर. इंजिन बंद, पंधरा मिनिटं थंड होऊ दे. सगळ्या जणी गाडीतून खाली. वारा पाठीवर घे. जाळीचं फनेल लाव, डब्याचं तोंड टाकीच्या गळ्याला टेकव, सावकाश ओत. एक जण एक-दोन किलोचं ड्राय पावडरचं अग्निशमन यंत्र हातात धरून उभी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, कढईतल्या तेलाला आग लागल्यावर टाकत नाही तसंच. हातावर, कपड्यावर सांडलं तर कपडा बदल, हात धू, मगच चावी फिरव. आणि तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढायचं ते आपल्याकडचं शहाणपण इथंच पुरून टाक. एक घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखं दुखणं लागतं, आणि ते दवाखान्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर लांब. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नकोस, उलटीतून ते पुन्हा फुप्फुसात जातं. हातपंप बाजारात स्वस्तात मिळतो, तो घे.

आणखी एक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आपल्याच उसाचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून डब्यात महिनोन्‌महिने पेट्रोल साठवायचं नाही. परत आल्यावर उरलेलं टाकीत ओत आणि डबा उघडा करून मोकळ्या हवेत वाळव, घरात नाही. तुझ्या भाऊजींसारखी कुणाची डिझेलची गाडी असेल तर त्यांना सांग, हिवाळ्यात इकडचं डिझेल डब्यातून लेहला नेऊ नका. कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं 2019 च्या नोव्हेंबरात खास लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं ते यासाठीच. तिथलं डिझेल तिथंच भरावं.

शेवटचं, आणि हे फक्त तुला सांगते. तुमच्याबरोबर आणखी दोन गाड्या आहेत, त्यात अनुभवी म्हणवणारे दोघे-तिघे आहेत. ते हसतील. "असू दे गं, आम्ही दरवर्षी नेतो, काही होत नाही," असं म्हणतील. सिगरेट ओढत डब्याशेजारी उभे राहतील. त्या वेळी तुझी जीभ जड होईल, कारण तू गटात नवी, आणि बाई. मी तेव्हा गप्प बसले होते. नवरा म्हणाला होता "कॅन आत ठेवू, बाहेर चोरी होईल," आणि मला पटलं नव्हतं तरी मी मान हलवली. चुमाथांगहून परत फिरताना मागच्या सीटवर पोर पिशवीत तोंड घालून बसलं होतं, आणि मी मनात स्वतःलाच शिव्या देत होते. तुझी गाडी, तुझी चावी, तुझा शब्द. डब्याजवळ सिगरेट दिसली तर गाडी थांबव आणि मोठ्यानं सांग. कोल्हापूरच्या पोरीला मोठ्यानं बोलायला शिकवावं लागत नाही.

निघायच्या आदल्या रविवारी मला फक्त तीन आकडे पाठव. टाकी किती लिटरची, घाटात लिटरला किती पडते, आणि दोन पंपांमधलं सगळ्यात लांब अंतर किती. डबा लागत असेल तर माझा पत्र्याचा आहे, नवी चकती बसवलेला, येऊन घेऊन जा. लागत नसेल तर त्या जागेवर आईची चटणी ठेव. या वेळी हान्लेपर्यंत पोचू दे.